येळवशीची मोजणी

सोमवारी सकाळी आठ-दहाला जंक्शनच्या पुलावर माझे पाय पायरीला नव्हते. पडले नाही मी, घसरले नाही, कुणी मुद्दाम ढकललंही नाही. नांदेडकडची गाडी आणि लातूरकडची गाडी एकाच वेळी फलाटाला लागल्या, वरून उतरणारे आणि खालून चढणारे जिन्याच्या मधल्या वळणावर एकमेकांत घुसले. त्या गोळ्यात मी अशी सापडले की पुढच्या बाईची पाठ माझ्या छातीला, मागच्या माणसाचा डबा माझ्या बरगडीत, आणि पाय खाली टाकायला गेले तर पायरीच लागेना. चार-पाच सेकंद असतील. दहा म्हणा. तेवढ्यात मी तीन पायऱ्या उतरले, न उतरता. मग गोळा सुटला, पाय टेकले, कुणीतरी मागून ओरडलं, “चला ओ ताई, झोपल्या का?” आणि सगळं पुन्हा रोजच्यासारखं. ती पुढची बाई पदर सावरत निघूनही गेली. बारा वर्षं मी या पुलावरून नांदेडची गाडी धरते, गर्दी काय मला नवी आहे? पण त्या दिवशी गाडीत खिडकीशी जागा मिळूनसुद्धा मी नांदेड येईपर्यंत खिडकीचा गज धरून बसले होते. कारण या पुलाच्या जागी जो नवा पूल होणार आहे त्याचा नक्शा मी काढलाय. त्याच्या जिन्याची रुंदी तीन मीटर. आणि ते तीन मीटर कुठून आले ते सबंध जगात मला एकटीलाच माहीत आहे, असं मला तेव्हा तरी वाटत होतं.

जंक्शनचं नाव घेत नाही. लातूर आणि नांदेड यांच्या मधलं आहे एवढं पुरे, तिथल्या लोकांचा यात काय दोष? मी एका हैदराबादच्या कंपनीत कामाला आहे. आमची शाखा नांदेडला, एका मेडिकल दुकानाच्या माडीवर, तीन टेबलं आणि एक कूलर. रेल्वेची स्टेशनं नव्यानं बांधायची निघाली की आमची कंपनी नक्शे आणि अहवाल करून देते. जंक्शनचा अहवाल माझ्याकडं आला तेव्हा मी हुरळून गेले होते. आपलं गाव, आपलं स्टेशन, आपल्याच हातानं. अहवालात इतिहासाला दोन पानं होती आणि भविष्याला चाळीस. दोन पानांत काय मावतं? निजामाच्या राज्यातून मोठी गाडी आली, सोलापूरच्या बाजूनं अडीच फुटी रुळांवरची लहान गाडी आली, आणि दोन्ही कंपन्यांचं एकमेकांशी पटलं नाही, एवढं मावलं. त्यांचं पटलं नाही म्हणून त्यांनी स्टेशनंही दोन बांधली. दोन फलाट, दोन आड, दोन पाणीवाले, मध्ये दोनशे पावलांचं मैदान. ज्याला गाडी बदलायची त्यानं ट्रंक डोक्यावर घ्यायची, लेकरू काखेत मारायचं आणि पळायचं. माझ्या सासूबाई, गुरम्मा, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, त्या नवरी होऊन आल्या त्या लहान गाडीनंच. त्या दोनशे पावलांत त्यांच्या वऱ्हाडाचे दोन तुकडे झाले. नवरदेव मोठ्या गाडीत चढला आणि नवरी मैदानात आजेसासऱ्यांचा तांब्या शोधत राहिली. “तवापासून ह्यांची सवय तीच,” असं त्या मामंजींच्या फोटोकडं बघून म्हणतात. पुढं लहान गाडी गेली, रूळ एकसारखे झाले, मैदानात मालगाडीच्या लाइनी टाकल्या. इमारती मात्र जिथल्या तिथं राहिल्या. मग या फलाटावरून त्या फलाटावर जायला एक पूल टाकला. एकच. दोन मेलेल्या कंपन्यांचं भांडण आम्ही अजून रोज सकाळी त्या पुलावर भांडतोय. हे काही मी अहवालात लिहिलं नाही. अहवालात लिहिलं, ‘स्थानकाची रचना ऐतिहासिक कारणांमुळे विखुरलेली आहे.’

भविष्याची चाळीस पानं मात्र गुळगुळीत. त्यात दोन्ही फलाटांवर एकच मोठं छत, मधोमध रुळांवरून जाणारा पुलासारखा रुंद सज्जा, सज्ज्यावर दुकानं, लिफ्ट, काचा, झाडं. त्या चित्रांतून माणसंही हिंडतात. ती कॉम्प्युटरमध्ये तयारच मिळतात, उचलायची आणि ठेवायची. मीच ठेवली. दोघांत हातभर अंतर राखून चालणारी, कुणाच्या डोक्यावर बोचकं नाही, कुणाच्या हातात कोंबडी नाही, कुणी कुणाला हाक मारत नाही. मंगळवारी मी ते चित्र उघडून बसले आणि जिन्यावर एकेक माणूस वाढवत गेले. वीस, चाळीस, साठ. साठला जिना भरला. सत्तरला एकाच्या डोक्यातून दुसऱ्याचा खांदा बाहेर यायला लागला. कॉम्प्युटरला त्याचं काय, तो ठेवू देतो. मी मात्र घाईघाईनं सगळी पुसून टाकली. सोमवारी तीच माणसं माझ्या अंगावर होती, ती कशी पुसणार? माझा मलाच राग आला.

आता तीन मीटरचं सांगते. पूल केवढा हवा हे ठरवायला आधी माणसं मोजावी लागतात. साधा दिवस धरायचा, सणाचा नाही, यात्रेचा नाही, आणि सकाळ-संध्याकाळच्या गर्दीला दर पंधरा मिनिटांत किती डोकी गेली ते मांडायचं. तो आकडा सूत्रात घातला की सूत्र जिन्याची रुंदी सांगतं. हैदराबादहून आमच्या प्रभू सरांचा फोन आला होता, तारखेसाठी. सहा वर्षं मी त्यांच्या हाताखाली आहे, सगळं बोलणं हिंदीतून. त्यांनी डिसेंबरातला एक गुरुवार काढला आणि विचारलं, “मॅडम, वर्किंग डे है ना वो?” मी भिंतीवरच्या कंपनीच्या कॅलेंडरकडं पाहिलं. हैदराबादचं कॅलेंडर, त्यात तो दिवस काळ्या आकड्यातच होता, सुट्टीचा लाल नव्हता. आमच्याकडं मात्र तो दिवस वेळ अमावस्येचा. आमची येळवस. आता हे आमच्या भागाबाहेर कुणाला सांगून कळत नाही. त्या दिवशी अख्खा जिल्हा उठून शेतात जातो. दुकानं बंद, रस्ते ओस. कडब्याची खोप करायची, पांडव म्हणून चुन्यानं रंगवलेले दगड पुजायचे, शेतात आंबील शिंपडायची आणि मग दिवसभर बेसनात शिजवलेली पालेभाज्या-दाण्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर खात झाडाखाली लोळायचं. ज्याला शेत नाही त्याला शेजारी ओढून नेतात. मला हे सगळं ठाऊक होतं आणि मी म्हणाले, “हाँ सर, एकदम नॉर्मल डे.”

का म्हणाले? त्याचंही खरं सांगून टाकते. आधीच्या दोन येळवशी ऑफिसपायी बुडाल्या होत्या. आत्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांनी दोन्ही वर्षी माझ्या वाटणीची भज्जी डब्यात भरून आणली आणि काही न बोलता ओट्यावर ठेवली. तिसऱ्या वर्षी तो डबा बघायची माझी छाती नव्हती. मोजणी जंक्शनवर, आमचं शेत जंक्शनपासून तीन किलोमीटरवर. सकाळी मोजायचं आणि दहाला शेतात. उचलली जीभ लावली टाळ्याला! मोजायला बचत गटाच्या चौघी जणी बोलावल्या होत्या, हातात टिकटिक दाबायची यंत्रं देऊन. त्या साडेसहालाच नवी लुगडी नेसून हजर, कारण त्यांनाही दहाला सुटायचं होतं. स्टेशनवर शुकशुकाट. चहावाल्याच्या टपरीलासुद्धा कुलूप. आठ-दहाची गाडी आली, तिच्यातून चौदा माणसं उतरली आणि पुलावरून अशी चालत गेली, जणू तो पूल त्यांच्याच मालकीचा. चौघींपैकी एकीनं यंत्र माझ्यापुढं धरलं, “ताई, आमचं बटन तर गरम बी झालं न्हाई,” आणि आम्ही पाचही जणी हसलो. मला आनंद झाला होता. लवकर आटपतंय म्हणून. संध्याकाळचे रकाने मी शेतात भरले, बाभळीखाली, सकाळच्या आकड्यांत थोडं इकडंतिकडं करून. कागदाला आंबिलीचा चिकट डाग पडला तो ओल्या फडक्यानं पुसला. त्या दुपारची भज्जी मला अजून आठवते, चिंचेचा कोळ जरा जास्तच पडला होता. वर्षभरात मी तेवढी सुखात कधी बसले नव्हते.

म्हणजे बघा, तीन महिने मला त्याचं काहीसुद्धा वाटलं नाही. आकडा सूत्रात गेला, सूत्रानं तीन मीटर सांगितलं, मी काढलं. आताचा जिना अडीच मीटरला थोडा कमी, म्हणजे वाढलाच की! पायरीवरून पाय सुटेपर्यंत मी माझ्या मनाला हेच सांगत होते, आणि ते ऐकतही होतं. आता ऐकेना. शुक्रवारी नक्शावर सही करून तो रेल्वेच्या ऑफिसात द्यायचा होता. एकदा तिथं गेला की पुढं लोखंड कापायला सुरुवात. मी जिथं जाईन तिथं तीन मीटर दिसायला लागले. आमचं स्वयंपाकघर बरोबर तीन मीटर, मी टेपनं मोजलं. मग ओट्यापासून दारापर्यंत खांद्याला खांदा लावून किती बाया उभ्या राहतील ते मनात धरून मी आडवी सरकत होते, आणि नेमके हे आत आले. माझे यजमान, संगमेश. त्यांचं बियाण्यांचं दुकान आहे आणि जगातल्या कुठल्याही काळजीवर त्यांच्याकडं एकच औषध असतं, की ती काळजी दुसऱ्या कुणीतरी आधीच करून ठेवलेली असणार. “अगं, ते लोक दुप्पट धरूनच चालतात,” येळवशीच्या मोजणीचं सगळं माझ्याकडून ऐकून ते म्हणाले. “आम्ही नाही का बियाणं एकराला जास्तीचं सांगत? तसंच असतं ते.” मी म्हणाले, “अहो, धरणारी मीच आहे. ते लोक म्हणजे मी.” त्यावर ते पाणी प्यायले आणि बराच वेळ भांडं तोंडापासून काढलंच नाही. मग म्हणाले, “झाकली मूठ आहे मंजू. कशाला उघडतीस? नोकरी जाईल ती जाईल, वर बदनामी.”

बुधवारी मी सुट्टी टाकली. पोटात दुखतंय म्हणून. आत्या पडवीत चिंचा फोडत बसल्या होत्या, पुढ्यात चिंचोक्यांचा ढीग. मी त्यांच्यासमोर बसून एक चिंच हातात घेतली आणि सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं, त्यांना पूल, सूत्र, रकाने काय कळणार? मन मोकळं होईल एवढंच. आत्यांचा हात थांबला. “म्हंजे तू येळवशीला मोजलीस माणसं?” मी मान डोलावली. “अगं माय! त्या दिशी गावात कुत्रं तरी ऱ्हातंय का? त्याला बी शेतात उंडा भेटतो!” आणि त्या हसल्या. मलाही हसू आलं, आलंच ते. पण त्यांचं हसू मध्येच मावळलं. “आन मला काय सांगितलंतीस? साहेबानं सणासाठी लवकर सोडलं म्हून. मी साऱ्या भावकीत सांगत फिरले, सुनंचा साहेब लई देवमाणूस हाय.” मी हातातली चिंच फोडायला घेतली. “माझ्यासाठी केलीस व्हय हे?” त्यांनी विचारलं. हो म्हणणं किती सोपं होतं! सासूसाठी केलं म्हटलं की पाप निम्मं धुतलं जातं. पण त्यांच्या डोळ्यांकडं बघून मला ते जमेना. “नाही आत्या. मलाच यायचं होतं. मला आवडतं शेतात.” आत्यांनी चिंचेचा कुटका टोपलीत टाकला. “मग तर सांगूनच टाक. उद्या त्या जिन्यावर कुनाचं लेकरू चेंगारलं, तर म्या भज्जी कशी गिळू?” एवढं बोलून त्या पुन्हा चिंचा फोडायला लागल्या.

गुरुवारी ऑफिसात गेल्या गेल्या मी प्रभू सरांना फोन लावला. रात्रभर हिंदी जुळवून ठेवलं होतं, ते सगळं ऐन वेळी पळालं. “सर, वो दिन हमारे इधर का त्योहार था. गिनती गलत है. शाम का तो गिनाच नहीं.” मला वाटलं, आता ओरडतील, आता फोन आपटतील. आणि मग त्या फोनमधून मराठी आलं. आमच्या गावाकडचं, काठाकाठानं कानडी लागलेलं मराठी. “मॅडम, मी भालकीचा हाय. बीदर जिल्ला. आमच्या घरी बी येळवस असती.” आणि आम्ही बोलत होतो हिंदीतून. सहा वर्षं! “त्या दिशी मी बी शेतातच व्हतो. भज्जी खाताना तुमचा मेसेज आला, मोजनी झाली म्हून.” मी विचारलं, “मग सर, तुम्ही मला विचारलंत कशाला, वर्किंग डे आहे का म्हणून?” ते शांतपणे म्हणाले, “तुमी हो म्हनावं म्हून.” मग त्यांनी मला समजावून सांगितलं, लहान बहिणीला सांगावं तसं. जिना तीनच मीटरचा होणार होता. सज्ज्यावरची बाकीची जागा दुकानांना ठरलेली, ती वरून ठरून आलेली. आकडा तेवढा तिच्यात बसवायचा राहिला होता. “तुमी न्हाई म्हनला असता तर दुसरा दिवस काढला असता, दुसरं मानूस काढलं असतं. मनाला लावून घेऊ नका. सही करा, उद्या देऊन टाका.”

यानंतर मला जे वाटलं ते सांगायची लाज वाटते, तरी सांगते. मला हलकं वाटलं. अगदी पिसासारखं. चार दिवसांत पहिल्यांदा भूक लागली, मी खाली जाऊन समोसा खाल्ला, वर चहा घेतला, मेडिकलवाल्याशी त्याच्या मुलीच्या लग्नाचं बोलले. मी नव्हतेच तर! मी नाही म्हणाले असते तरी जिना तेवढाच झाला असता. माझं खोटं कुणाच्या कामी आलं असेल, पण त्यानं बिघडवलं काहीच नव्हतं. परतीच्या गाडीत मी चक्क झोपले. जंक्शनला उतरले, संध्याकाळची गर्दी होती, रोजची. पुलावर चढताना मी सवयीनं कठडा धरला. माझ्या पुढं एक म्हातारा होता, धोतरातला, एका हातात काठी, दुसऱ्या हातानं तो बायकोचं मनगट धरून चढत होता. मधल्या वळणावर समोरून लोंढा आला तसा त्यानं बायकोला भिंतीकडं सारलं आणि आपण पाठ करून उभा राहिला, सगळे धक्के पाठीवर घेत. हे त्याचं रोजचं असावं, कारण बायको आपली निवांत पिशवीत काहीतरी शोधत होती. मी त्यांच्या मागं अडकले होते. माझ्या डोक्यात प्रभू सरांचा शांत आवाज चालू होता, मनाला लावून घेऊ नका, आणि समोर ती पाठ हिंदकळत होती. ते पिसासारखं हलकेपण तिथंच गेलं. सरांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, वर कुणाकुणाला असेल, आणि आम्ही सगळे येळवशीची भज्जी खाणारे. या म्हाताऱ्याला मोजलंय का कुणी? तोही त्या दिवशी शेतातच असणार.

शुक्रवारी मी सही केली. सहीच्या वर टिपेसाठी चौकट असते, तिच्यात पेनानं लिहिलं, ‘पादचाऱ्यांची गणना वेळ अमावस्येच्या दिवशी केलेली आहे. संध्याकाळचे आकडे मोजलेले नाहीत, भरलेले आहेत.’ अक्षर माझं वाईट नाही, पण तिथं ते दुसऱ्याच कुणाचं दिसत होतं. नक्शाची गुंडाळी घेऊन मी ऑटो केला. रेल्वेच्या ऑफिसात आमचे कागद बघतात त्या लुंबिनी मॅडम, वर्धेकडच्या, नेमानं काम करणाऱ्या, पुढ्यात दोन फायली आणि एक डबा. त्यांनी नक्शा पसरला, कोपऱ्यांवर पेपरवेट ठेवले, बोटानं एकेक ओळ वाचत टिपेपाशी आल्या. “वेळ अमावस्या म्हणजे काय असतं?” त्यांनी विचारलं. मी सांगायला लागले. खोप, दगड, आंबील, ओस पडलेले रस्ते. सांगता सांगता माझा आवाज बारीक होत गेला, कारण जितकं नीट सांगावं तितकं माझं खोटं मोठं होत होतं. शेवटी म्हणाले, “मला माहीत होतं. मी मुद्दाम तोच दिवस हो म्हणाले.” त्यांनी चष्मा काढला. “मग खरा आकडा किती?”

“माहीत नाही,” मी म्हणाले. बारा वर्षं त्या पुलावरून जाते, अहवालात त्याची उंची, लांबी, वय सगळं लिहिलंय, आणि त्यावरून किती माणसं जातात ते मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. लुंबिनी मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग हळू आवाजात म्हणाल्या, “ताई, हे एकदा आवक-नोंदीत चढलं की मला पुन्हा मोजणी लावावी लागेल. तुमच्या कंपनीला पत्र जाईल, त्यात तुमचं नाव येईल. तुम्हाला पुढं कुठंही हे काम मिळणार नाही, कळतंय ना?” मी होकारार्थी मान हलवली. त्यांनी पेपरवेट उचलले, नक्शा आपसूक गुंडाळला गेला, आणि तो त्यांनी माझ्यापुढं धरला. “अजून शिक्का मारलेला नाही. न्यायचा तर आत्ता न्या. मी पाहिलाच नाही असं समजा.”

माझा हात पुढं गेला. खोटं कशाला बोलू, गेलाच. बोटं कागदाला लागलीसुद्धा. यजमानांचं तोंड डोळ्यांपुढं आलं, भांडं तोंडाला लावलेलं. माडीवरचं माझं टेबल आलं, बारा वर्षांच्या सकाळी आल्या. गुंडाळी मी हातात घेतली आणि ती घेऊन उठायच्या आत, उठले तर मी थेट दारापर्यंत जाईन हे पक्कं कळल्यावर, ती परत त्यांच्या टेबलावर टाकली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली.

“नक्की का?” लुंबिनी मॅडमनी विचारलं.

“मारा ओ मॅडम, लवकर मारा शिक्का,” मी म्हणाले. “माझा काही भरोसा नाही.”